दोर कुणी आणला होता?

दसऱ्याचं सोनं लुटून झालं, की शिवछत्रपतींची फौज मुलूखगिरीला बाहेर पडे. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीच्या मुक्कामात कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात या निघण्याची एक गंमत नोंदलेली आहे. फौज हलण्याआधी लहानथोर प्रत्येक माणसापाशी काय काय चीजवस्तू आहे, याची यादी व्हायची. मग आठ महिने परमुलखात. पावसाच्या तोंडावर फौज छावणीला परत आली, की झडती. यादीपेक्षा जास्त जे निघेल, त्याची किंमत त्या माणसाच्या पगारातून वळती.

लूट दडवली जाऊ नये, एवढाच या यादीचा हेतू. कारभाऱ्याला तो पुरेसा आहे. मी मात्र कविता करणारा माणूस. मला यादीत काय होतं यापेक्षा काय नव्हतं, याचं कुतूहल जास्त. चूल पेटवायला विस्तव कुणाजवळ होता? घोड्याचा तंग तुटला तर शिवायला दाभण? भाकरीवर घालायला चिमूटभर मीठ? वाटेत एकाएकी गरज पडली आणि ती वस्तू आपण लिहून घेतलेली नाही असं कळलं, तर काय करायचं? प्रश्न फौजेचा आहे तसा गोष्टीचाही आहे. गोष्टीतला माणूस अवघड जागी येतो, त्याला दोर लागतो. आणि सांगणाऱ्याने मागे कुठंच दोराचा उल्लेख केलेला नसतो.

सिंहगडाचंच बघा. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. सभासद सांगतो, की निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि वरून त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोरांची शिडी. सरळ हिशेब आहे: आधी हातापायांवर चढणारे दोघे, मग माळ, मग बाकीचे. पण शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात काय येतं? यशवंती घोरपड! तिच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर सोडली, ती वर जाऊन चिकटली, आणि मावळे चढले. इतिहासाचे अभ्यासक ही घोरपड मानत नाहीत. तरीसुद्धा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला माळ माहीत नसते, घोरपड माहीत असते. कारण उघड आहे. मावळ्यांनी माळ खांद्यावर वाहून आणली, हे सांगायला कुणाला रस नव्हता. ऐकणाऱ्याने विचारलं, ‘दोर वर पोचला कसा?’ शाहिराने हजरजबाबीपणाने घोरपड पुढं केली. विसरलेल्या सामानावर काढलेला इतका झकास तोडगा मराठीत दुसरा नसेल.

हे सगळं मला आठवायचं कारण एक परदेशी खेळ. माझा पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. तो आणि त्याचे मित्र रविवारी टेबलाभोवती बसून सोंगांचा एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. कुणी तलवारबहाद्दर, कुणी जादूगार, कुणी चोर. एकजण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या सोंगाने उत्तर देतात, आणि जिथं यशापयश ठरवायचं तिथं फासा पडतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने हा खेळ छापला. पहिल्या खेपेला हजार प्रती. हा गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता, ती नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून त्याने संसार चालवला. त्याच्या पुस्तिकेतली सामानाची यादी वाचताना ते जाणवतं. तीन फासे टाकायचे, येईल त्या बेरजेची दहापट म्हणजे तुमच्या गाठीच्या सोन्याच्या मोहरा. त्यातून सामान घ्यायचं. पन्नास फूट दोर एक मोहर. दहा फुटी काठी एक मोहर. लोखंडी खिळे बारा, पाण्याची कातडी पिशवी, लहान पोतं, मोठं पोतं, पाठीवरची चामडी पिशवी, सहा मशाली, कंदील, तेलाचा बुधला, आठवड्याची शिदोरी. तलवारीच्या बरोबरीने पोत्याची किंमत लिहिणारा माणूस मला आपला वाटतो.

आणि या एवढ्या बारकाईच्या यादीत चकमक नाही! मशाली आहेत, कंदील आहे, तेलसुद्धा आहे. पेटवायचं साधन तेवढं राहून गेलं. १९७८ च्या पुस्तकात चकमकीची डबी दाखल झाली. मधल्या चार वर्षांत लोक अंधारात बसून खेळले का? मुळीच नाही. प्रत्येक सूत्रधाराने गृहीत धरलं, की मशाल घेणारा माणूस चकमक घेतोच.

पण गृहीत धरणारा सूत्रधार प्रत्येकाच्या नशिबी नसतो. एका रविवारी मी पुण्यात पुतण्याच्या खोलीवर होतो, कोपऱ्यात पेपर वाचत. एक नवा मुलगा पहिल्यांदाच खेळायला आला होता, आमच्या जिंतूरकडचाच निघाला. मंडळी एका भुयाराच्या तोंडाशी पोचली. नवा म्हणाला, ‘मशाल पेटवतो.’ सूत्रधार म्हणाला, ‘कशाने?’ पोराने कागद चाळला. चकमक लिहिलेली नव्हती. ‘लिहिली नाही म्हणजे नाही,’ सूत्रधार म्हणाला. अर्धा तास वाद झाला. पुतण्या मला म्हणाला, ‘चाचा, तुम्हीच सांगा.’ मी कोण सांगणारा? पण मला जे दिसलं ते असं: जुने गडी चकमक लिहून आले होते, कारण मागे कधीतरी त्यांना अशीच ठेच लागली होती. नियमाचा फटका बसला तो एकट्या नवख्याला. त्याच्या सोंगाचा काय दोष? कागदावर ते सोंग वीस वर्षं डोंगरात भटकलेल्या शिकाऱ्याचं होतं. असा माणूस विस्तवाचं साधन घरी विसरेल? विसरला तो त्याला वठवणारा, शहरातल्या खोलीत बसलेला मुलगा.

सोंग आणि सोंग घेणारा यांच्यातलं हे अंतर आपल्या लोककलावंतांना फार आधी कळलेलं आहे. दक्षिण कोकणातला दशावतार घ्या. संहिता लिहिलेली नसते. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच रानातला दगड. पूर्वी ही मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जात. पेटाऱ्यात मावेल तेवढंच सामान. म्हणून जे पेटाऱ्यात नाही ते बोलण्यात आणायचं, असा रिवाज. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हाही सूत्रधार पदं म्हणे आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी रचत. पात्र चुकलं, तर सावरून घ्यायला सूत्रधार उभा असे. पात्राला पकडण्यासाठी तो उभा नसे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तमाशात तर उणीव हाच विनोदाचा मसाला. एका जत्रेत मी वग पाहत होतो. राजाने शत्रूला ललकारून म्यानाला हात घातला. म्यान रिकामं. तलवार सामानाच्या गाडीतच राहिलेली. सोंगाड्या पुढं झाला आणि म्हणाला, ‘महाराज, विसरलात व्हय? तलवार सावकाराकडं गहाण हाय. आधी सावकाराशी लढा!’ सगळा मांडव हसला. पुढच्या रांगेत बसलेले दोन-तीन शेतकरी जरा उशिरा हसले, हेही मी पाहिलं.

आमची झरी परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सुगीच्या दिवसांत इकडं रायरंद येत. रायरंद म्हणजे बहुरूपी. खाकी कपडे, हातात कसलातरी कागद, चेहऱ्यावर करारीपणा. ‘चला, वॉरंट आहे!’ बायका घाबरायच्या, लेकरं आईच्या मागं लपायची. बेड्या मात्र त्याच्याजवळ नसत. कुणी चावट पोराने विचारलं, ‘बेड्या कुठंयत?’ तर तो म्हणे, ‘मागल्या गावात सगळ्या संपल्या, इतके चोर निघाले!’ गाव जाणून असायचा, की हा पोलीस नाही. त्याच्यापाशी बेड्या नाहीत म्हणून कुणी त्याला पसाभर जोंधळे नाकारले, असं मला आठवत नाही.

मोहरमच्या सोंगांचंही तसंच. दख्खनच्या जाफर शरीफ यांचं ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणून १८३२ साली लंडनला छापलं. त्यात मोहरमला निघणाऱ्या सोंगांची लांबलचक नोंद आहे. वाघ आहे, सिद्दी आहे, मोगल आहे, व्याजखोर आहे, हाजी अहमक आणि हाजी बेवकूफ अशी जोडगोळी आहे. अंगीठी शाह आहे, चटणी शाह आहे. नावातच सामान! ज्याच्याजवळ अंगीठी नाही तो अंगीठी शाह कसला? सोंगाला जी वस्तू नसली तर सोंगच उरत नाही, ती आणावीच लागते. बाकीचं चालवून घेता येतं. मराठवाड्यात मोहरमचा वाघ पिवळे-काळे पट्टे ओढून नाचायचा, तेव्हा त्याच्या पायातल्या चपलेकडे कुणी पाहत नसे. पट्टे नसते तर मात्र पोरांनी त्याला पळवून लावलं असतं.

आमच्या घरात दखनी बोलतात, त्यामुळे आणखी एक तोडगा मला लहानपणापासून ठाऊक आहे: अमर अय्यारची झंबील. ‘दास्तान-ए-अमीर हमजा’मधला हा अय्यार, म्हणजे हेर, चोर, बहुरूपी सगळं एकत्र. त्याच्या खांद्यावरच्या झंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, अख्खी दुनिया मावते. दोर पाहिजे? काढला. वेष पाहिजे? काढला. दास्तानगोला कधीच अडायला होत नाही. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ही दास्तान ४६ खंडांत काढली, त्या लांबीचं थोडं श्रेय झंबीलला द्यायला हरकत नाही. कीर्तनात द्रौपदीची थाळी येते, तीही याच जातीची. पण तिला एक मर्यादा आहे. द्रौपदीचं जेवण झालं, की त्या दिवसापुरती थाळी रिकामी. म्हणून दुर्वास अवेळी आले तेव्हा गोष्टीत जीव आला. झंबीलमध्ये गंमत आहे, थाळीत घोर आहे. माझं मत विचाराल तर मला थाळी जास्त आवडते.

आता मजा अशी, की या परदेशी खेळवाल्यांनी अलीकडे जे उपाय काढले, ते हेच. २०१२ च्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये ‘प्रवासाचं सामान’ नावाची एकच वस्तू घ्यायची आणि तिच्यातून पाच वेळा लागेल ती साधी चीज काढायची. पाच झाल्या की पिशवी रिकामी. रॉबिन लॉज यांनी रचलेल्या गमशू पद्धतीत ‘तयारी’ नावाचा गुण असतो. वस्तू आणली होती की नाही, हे फासा टाकून ठरवायचं. आपल्याकडे देवाला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. जॉन हार्पर यांच्या २०१७ मधल्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चा उपाय मला सर्वांत शहाणा वाटला. निघताना एवढंच ठरवायचं, की ओझं हलकं, मध्यम की जड. म्हणजे तीन, पाच की सहा नग. नग कोणते, ते गरज पडेल तेव्हा सांगायचं. तुमचं सोंग अनुभवी आहे, त्याने विचार करूनच बांधाबांध केली असणार, हा विश्वास आधी द्यायचा. पण पाठीवरच्या वजनाला सूट नाही. हलकं ओझं घेतलं तर चपळाई मिळते, चौथी वस्तू मिळत नाही.

सूत्रधाराने किती कडक असावं, हा वादही जुनाच. प्रशियात १८२४ साली जॉर्ज फॉन राइसवित्झने लष्करी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ बसवला, त्याला नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. १८७६ साली युलियस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवलं, की कोष्टकं बाजूला ठेवा. ज्याने खरी लढाई पाहिली आहे अशा पंचाला ठरवू द्या. बरोबरच आहे. पण मग पंचाने लढाई पाहिलेली हवी. विस्तवाशिवाय रात्र काढलेला माणूस चकमकीबद्दल वेगळा निकाल देईल आणि न काढलेला वेगळा.

पुन्हा सभासदाकडे येतो, कारण त्याच्या बखरीत या सगळ्याचं एक उत्तर आहे आणि ते खेळवाल्यांना अजून सापडलेलं नाही. पागेची रचना सांगताना तो लिहितो, की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे बारगिराच्या यादीत पाणी का नव्हतं? तर पाणी ही त्याच्या पाठीवरची वस्तूच नव्हती. पंचविसांचं पाणी एका माणसाच्या पखालीत होतं. नाल आणि खिळे नालबंदाच्या पिशवीत. धान्य आणि मीठ लमाणांच्या बैलांवर. ज्या वस्तू आपण ‘गृहीत’ म्हणतो, त्यातली प्रत्येक कुणीतरी वाहत होता. वस्तू यादीतून सुटली, कारण वाहणारा गोष्टीतून सुटला.

या माणसांना आपल्या भाषेने नाव काय दिलं? बुणगे. बाजारबुणगे. आजही ही शिवीच आहे. पानिपतचा इतिहास लिहिताना कित्येकांनी भाऊसाहेबांच्या फौजेला बुणग्यांचं ओझं झालं असं म्हटलं आहे. ते खोटं नाही. खाणारी तोंडं हजारोंनी होती आणि यात्रेकरूही बरोबर होते. पण १७६० च्या नोव्हेंबरापासून पुढच्या १४ जानेवारीपर्यंत फौज पानिपतावर कोंडली गेली, ती तलवारी कमी पडल्या म्हणून नव्हे. रसद तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाणागोट्याची उरलीसुरली आशा गेली. लढाईनंतर पेशव्यांना जी सांकेतिक बातमी पोचली तिच्यात मोठ्या सरदारांना मोती म्हटलं आहे, त्याखालच्यांना मोहरा, आणि बाकीच्यांना रुपये नि खुर्दा, ज्याची मोजदाद नाही. मोत्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पखालजी, नालबंद, मीठवाले हे सगळे त्या खुर्द्यात गेले.

आणखी एक प्रसंग सांगतो, खेळातला नाही. एका सरकारी कचेरीत एक म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे रांगेत होते. कसलासा दाखला हवा होता. सगळी कागदपत्रं त्यांनी फडक्यात बांधून आणली होती, एक झेरॉक्स तेवढी राहिली. मूळ कागद हातात होता, माणूस समोर उभा होता. खिडकीतून उत्तर आलं, ‘जोडलेली नाही म्हणजे नाही.’ मला त्या जिंतूरच्या मुलाची मशाल आठवली. फरक इतकाच, की त्या मुलाला पुढच्या रविवारी परत खेळता येणार होतं. म्हाताऱ्यांची बस अडीचची होती आणि झेरॉक्सचं दुकान जेवणासाठी बंद होतं.

यादी नकोच, असं मी म्हणत नाही. सभासदाच्या यादीने रयतेची लूट दडवणाऱ्याला चाप बसला. जिच्यावर गोष्टीचा निकाल लागतो, ती वस्तू नोंदलेली असावी. ऐनवेळी झोळीतून ब्रह्मास्त्र काढणाऱ्याला थांबवलंच पाहिजे. पण विस्तव, पाणी, मीठ, सुई-दोरा यांचा जाब विचारायचा असेल, तर तो आधी बलवंताला विचारावा, नवख्याला शेवटी. आमचे लोककलावंत हे न शिकवता पाळत आले.

पुतण्याच्या मंडळींनी त्या वादानंतर मलाही एक दिवस खेळायला बसवलं. ‘चाचा, तुम्ही कोण होणार?’ मी म्हटलं, पखालजी. सूत्रधाराने पुस्तक उलटंसुलटं केलं. कातडी पिशवीची किंमत होती, पखालीची नव्हती. आणि ती वाहणाऱ्या बैलाची तर नाहीच. शेवटी त्यांनी आपापल्या कागदावरच्या पाण्याच्या पिशव्या खोडल्या आणि मला बरोबर घेतलं. माझ्या पखालीत पाचजणांना किती दिवसांचं पाणी मावतं, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. मी चार म्हणतो, सूत्रधार तीन म्हणतो, आणि पुतण्याचं म्हणणं, की कौल लावा.